हेली सोडून क्वाडकडे वळायचंय? आधी थ्रॉटलच्या हाताचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की काही वर्षं ४५० आणि मग ५०० साइझची हेली (रिमोटची हेलिकॉप्टर) उडवली, इन्व्हर्टेड होव्हर, म्हणजे उलटं करून एका जागी थांबवणं, आणि फ्लिप येतात, टिक-टॉक, म्हणजे हेली लंबकासारखी डोलवणं, शिकताय, पण वेळ कमी मिळतो, प्रत्येक क्रॅशनंतर आठवडा आठवडा रिपेअर चालतं आणि आता त्याचा कंटाळा आलाय, तर ड्रोनकडे वळावं का, कुठला घ्यावा, हेलीचं शिकलेलं किती कामाला येईल आणि हेली विकून टाकावीत का. मी हेली आणि क्वाड (चार मोटरचा ड्रोन) दोन्ही उडवतो, आणि हेलीवरून क्वाडवर आलेल्या बऱ्याच जणांना पहिले काही पॅक उडवताना बाजूला उभं राहून बघितलंय, त्यावरून सांगतो.

कुठला ड्रोन घ्यावा हा खरं तर नंतरचा प्रश्न आहे. हेलीमध्ये तुम्हाला नेमकी मजा कशात येत होती ते आधी ठरवायला हवं. कारण ड्रोन या एका नावाखाली तीन वेगवेगळे छंद आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. एक म्हणजे कॅमेरा ड्रोन, जीपीएसवाला, स्टिक सोडली की जागेवर थांबणारा. दुसरा एफपीव्ही, म्हणजे क्वाडवरच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत ॲक्रो मोडमध्ये (ज्यात क्वाड स्वतःहून सरळ होत नाही) उडवायचा क्वाड. आणि तिसरा आर्डूपायलट किंवा आयनॅव्ह ही सॉफ्टवेअर टाकून स्वतः बांधायचा, वेपॉइंटवर, म्हणजे आधी ठरवलेल्या जागांवर, पाठवायचा. तुम्हाला वरून दिसणारा नजारा हवा असेल, फोटो काढायचे असतील तर कॅमेरा ड्रोन घ्या आणि बाकीचं वाचायचीही गरज नाही, तो सकाळी घेतलात तर संध्याकाळपर्यंत उडवता यायला लागेल. पण ज्याला टिक-टॉक शिकायचं होतं त्याला कॅमेरा ड्रोन दोन आठवड्यांत कंटाळवाणा वाटतो असा माझा अनुभव आहे. मशीनच सगळं सांभाळतं, आपण फक्त कुठे जायचं ते सांगतो. तुमचं वर्णन वाचून मला वाटतंय की तुम्हाला स्टिकवरचं काम आवडतं आणि रिपेअरचा कंटाळा आलाय, म्हणून पुढचं सगळं एफपीव्ही आणि ॲक्रो क्वाड धरून लिहितोय. चुकत असेन तर सांगा.

आता कामाला काय येईल. सायक्लिकचा, म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवणारा, हात जवळपास जसाच्या तसा येतो. फ्लायबारलेस हेलीमध्ये (रोटर स्थिर ठेवणाऱ्या दांडीऐवजी इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या) स्टिक मध्ये सोडली तरी हेली ज्या कोनात आहे त्याच कोनात राहते, स्वतःहून सरळ होत नाही, ॲक्रो मोडमध्ये क्वाडचंही अगदी तेच. तुमचा फ्लायबारलेस कंट्रोलर आणि क्वाडचा फ्लाइट कंट्रोलर हे सख्खे भाऊ आहेत, दोघांत तीन अक्षांचा जायरो आणि पीआयडी लूप (चूक मोजून सतत सुधारणारा हिशोब), फरक एवढाच की एक सर्व्हो (ब्लेडचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटर) हलवतो आणि दुसरा चार मोटरचा वेग बदलतो. म्हणून नवख्या माणसाला ॲक्रोची जी भीती असते ती तुम्हाला नसेल. अँगल मोड, म्हणजे स्टिक सोडली की सरळ होणारा, तो चालूच करू नका, त्यात तुमचे हात उलट बिघडतील.

खरी अडचण थ्रॉटलच्या हाताची आहे. मोड टूमध्ये डावा, मोड वनमध्ये उजवा, आपण डावा धरू. हेलीमध्ये आयडल-अपला (कसरतींच्या मोडला) हेडस्पीड, म्हणजे रोटरचा वेग, ठरलेला असतो, गव्हर्नर तो सांभाळतो, आणि डावी स्टिक फक्त ब्लेडचा पिच, म्हणजे कोन, बदलते, मध्ये शून्य, वर साधारण अधिक १२ अंश, खाली उणे १२. म्हणजे खाली ओढलं तरी ती ताकदच आहे, फक्त उलट दिशेची. ब्लेडचा पिच सर्व्होच्या वेगाने बदलतो आणि तोपर्यंत रोटरमध्ये साठलेली ऊर्जा तयारच असते. क्वाडमध्ये ब्लेडचा पिच पक्का, त्यामुळे स्टिक म्हणजे सरळ मोटरचा वेग. खाली म्हणजे शून्य ताकद, उणे असं काही नाही. उलट फिरणाऱ्या मोटरचा थ्रीडी मोड असतो पण तो फार थोडे लोक वापरतात आणि त्यातही दिशा बदलताना मोटरला थांबून उलटं फिरावं लागतं, त्यामुळे हेलीसारखा कडक प्रतिसाद मिळत नाही.

याचा परिणाम काय होतो ते बघा. फ्लिप करताना हेली उलटी झाली की तुमचा हात सवयीने खाली जातो, उणे पिच देतो आणि हेली त्याच उंचीवर राहते. क्वाड उलटा झाल्यावर तोच हात खाली गेला तर मोटर जवळपास बंद, म्हणजे क्वाड उलटा असताना नुसता पडतोय. गंमत म्हणजे इथे हात खाली नेणं बरोबरच आहे, कारण उलट्या क्वाडला थ्रॉटल दिला तर तो स्वतःला जमिनीकडे ढकलतो. पण हेलीवाला मनात धरून असतो की आपण उंची धरलीये, आणि प्रत्यक्षात उंची जातच असते. म्हणून क्वाडचा फ्लिप वेगळ्या हिशोबाने करायचा. आधी थ्रॉटल देऊन वर उडी मारायची, मग थ्रॉटल कमी करून पटकन फिरवायचं, सरळ झाल्यावर पुन्हा पकडायचं. उलटं असताना थांबायचं नाही. इन्व्हर्टेड होव्हर हा प्रकार साध्या क्वाडला नाहीच, त्याची सवय डोक्यातून काढायला वेळ लागतो.

दुसरं, होव्हरची जागा. हेलीला होव्हरसाठी साधारण ५-६ अंश पिच लागतो, म्हणजे स्टिक मध्याच्या बरीच वर. सहा सेलवरचा ५ इंची फ्रीस्टाइल क्वाड वजनाच्या कितीतरी पट थ्रस्ट देतो, तो पाव स्टिकच्या आसपासच होव्हर करतो. हेलीच्या सवयीने स्टिक मध्यावर नेली की क्वाड आकाशात, मग घाबरून पूर्ण खाली, मग पुन्हा वर, असा यो-यो सगळ्यांचा होतो. यावर थ्रॉटल कर्व्ह लावून होव्हर मध्यावर आणावा असं काही जण सांगतात, मी सांगणार नाही. एकदा कर्व्हवर शिकलात की दुसऱ्या क्वाडवर पुन्हा शिकावं लागतं. सरळ रेषेचा थ्रॉटल ठेवा, सिम्युलेटरवर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर हळू चकरा मारा, तोपर्यंत हात बसतो. कंटाळवाणं आहे पण याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

थ्रॉटल शून्यावर असताना कंट्रोल राहतो का, हाही प्रश्न हेलीवाल्यांना पडतो आणि तो बरोबर पडतो. बीटाफ्लाइटमध्ये (क्वाडच्या फ्लाइट कंट्रोलरवरचं सॉफ्टवेअर) एअर मोड नावाची गोष्ट आहे, ती चालू असेल तर थ्रॉटल पूर्ण खाली असतानाही पीआयडी लूप मोटरना हवा तेवढा वेग देऊन क्वाड वळवू शकतो. ती चालू ठेवा. फक्त लँडिंगला त्याचा त्रास असा की क्वाड जमिनीला टेकला की तो टेकल्याचे धक्के सुधारायला जातो आणि उड्या मारायला लागतो. म्हणून टेकलं की लगेच डिसआर्म (स्विचने मोटर बंद), हेलीसारखं रोटर हळूहळू थांबेपर्यंत बघत उभं राहायचं नाही.

डिसआर्मवरून आठवलं, थ्रॉटल होल्डची, म्हणजे हेलीची मोटर बंद करणाऱ्या स्विचची, सवय तुमची चांगली असेल, संकटात बोट आपोआप स्विचवर जातं. आर्म स्विच त्याच जागी ठेवा, बोटाला तीच जागा ओळखीची आहे. पण एक फरक पक्का ध्यानात ठेवा. होल्ड मारल्यावर हेलीचा पिच तुमच्या हातात राहतो, वन-वे बेअरिंगमुळे रोटर फिरत राहतो, उतरताना पिच उणे ठेवून हेडस्पीड टिकवायचा आणि शेवटी अधिक देऊन टेकवायचं, ऑटोरोटेशन करून हेली अख्खी खाली आणता येते. क्वाडला ऑटोरोटेशन नाही. डिसआर्म केलं की तो सरळ खाली पडतो. म्हणून डिसआर्म म्हणजे आता आपटणारच आहे किंवा आपटलाय, प्रॉप कशाततरी अडकलेत, तेव्हा. अडकलेल्या प्रॉपवर थ्रॉटल देत राहिलं तर मोटर किंवा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) जळते. आणि हवेत असताना चारपैकी एक मोटर बंद पडली तर साध्या क्वाडवर काहीच करता येत नाही, माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही त्याचं हेच कारण आहे.

ओरिएंटेशनचं सांगायलाच हवं, कारण इथे तुमचं सगळ्यात मेहनतीचं कौशल्य वाया गेल्यासारखं वाटेल. नोज-इन होव्हर, म्हणजे नाक आपल्याकडे करून एका जागी थांबवणं, शिकायला किती घाम गाळलाय ते हेलीवाल्यालाच माहीत. पण तो आपण कशाच्या आधारावर करतो? कॅनॉपी पुढे, लांब बूम (शेपटीची नळी) मागे, त्यावरून डोळा दिशा ओळखतो. एक्स आकाराचा क्वाड चारी बाजूंनी सारखाच दिसतो आणि छोटा असतो, थोडा लांब गेला की पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं कळत नाही. चांगले चांगले हेलीवाले क्वाड डोळ्यांनी बघत उडवताना गोंधळतात. पुढचे दोन प्रॉप वेगळ्या रंगाचे लावा, मागे एलईडी लावा, थोडं बरं पडतं. पण क्वाड गॉगलमधूनच खरा उडतो, तिथे नाक नेहमी पुढेच, हा प्रश्नच संपतो. त्याच्या बदल्यात नवीन प्रश्न येतो तो कॅमेऱ्याच्या तिरपेपणाचा. कॅमेरा ३० अंश वर लावला असेल तर क्षितिज समोर दिसण्यासाठी क्वाड ३० अंश पुढे झुकवावा लागतो, म्हणजे तो पळणारच. आणि नुसता यॉ (नाक डावी-उजवीकडे वळवणं) दिला की चित्र वळतं तसं झुकतंही, त्यामुळे वळताना रोल (बाजूला झुकवणं) आणि यॉ एकत्र द्यावे लागतात. हेलीवर वेगात मोठ्या चकरा मारल्या असतील तर हा हात तुमच्याकडे आहे. सुरुवातीला १५-२० अंश ठेवा. आणि गॉगल लावल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही, शेजारी क्वाडवर डोळा ठेवणारा माणूस हवाच, बऱ्याच ठिकाणी तसा नियमही असतो.

टेलचं थोडक्यात. क्वाडला टेल रोटर नाही, तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटर एका दिशेला फिरतात आणि दोन उलट्या, एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी केला की टॉर्कच्या फरकाने तो वळतो. रोल-पिचच्या (इथे पिच म्हणजे पुढे-मागे झुकणं) मानाने यॉ मऊ लागतो, चांगल्या हेलीच्या टेलचा झटका विसरा. आणि स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत सरळ उतरायला गेलात तर क्वाड थरथरतो, हेलीमध्ये ‘सेटलिंग विथ पॉवर’, म्हणजे पॉवर असूनही स्वतःच्याच हवेत खाली बसणं, जसं टाळता तसंच इथे पुढे सरकत उतरा.

आता रिपेअरचं, ज्याचा तुम्हाला कंटाळा आलाय. हेली आपटली की ब्लेड, फेदरिंग शाफ्ट, मेन शाफ्ट, मेन गिअर, बूम, सर्व्होचे दात, आणि सगळं बदलल्यावर पुन्हा स्वॉश (ब्लेडचा कोन बदलणारी तबकडी) लेव्हल, पिच गेज, ट्रॅकिंग. क्वाडमध्ये हलणारे भाग म्हणजे चार मोटर, बस. बहुतेक क्रॅशमध्ये प्रॉप बदलायचा आणि तिथेच पुन्हा उडवायचं, कधी अँटेना, कधी फ्रेमचा आर्म. पण काम संपतं असं समजू नका, ते पान्ह्यावरून सोल्डरिंग आयर्नवर आणि लॅपटॉपवर जातं. ईएससीच्या जाड तांब्याच्या पॅडवर बॅटरीची वायर सोल्डर करायला ताकदीचं आयर्न लागतं, हेलीवाल्यांना सोल्डरिंगची एवढी सवय नसते, आधी रद्दी बोर्डवर हात बसवा. मोटरचे स्क्रू मापाचेच घ्या, एखादा मिलिमीटर लांब स्क्रू आतल्या वाइंडिंगला टेकला की मोटर गेली. कार्बन फ्रेममधून करंट वाहतो हे तुम्हाला हेलीवरून माहीतच आहे. नवीन बांधलेल्या क्वाडला पहिल्यांदा बॅटरी लावताना स्मोक स्टॉपर (शॉर्ट असेल तर करंट अडवणारा) मधे घाला. आणि टेबलावर प्रॉप लावून बॅटरी कधीच जोडायची नाही, हेलीची ब्लेड फिरायच्या आधी स्पूल-अपला वेळ घेतात, क्वाडच्या मोटर क्षणात पूर्ण वेगाला जातात.

ट्यूनिंगची फार धास्ती नको. अलीकडच्या बीटाफ्लाइटचं डिफॉल्ट ट्यून बऱ्याच ५ इंची क्वाडवर व्यवस्थित उडतं. दुहेरी (बायडायरेक्शनल) डीशॉट चालू करा, त्यात ईएससी प्रत्येक मोटरचा खरा आरपीएम फ्लाइट कंट्रोलरला परत कळवते आणि त्या वेगाचा आवाज जायरोमधून गाळला जातो. उडवून आल्यावर मोटरला हात लावून बघा, हात ठेववत नसेल इतकी गरम असेल तर आधी वाकलेला प्रॉप किंवा खराब बेअरिंग शोधा, मग पीआयडीमधला डी कमी करा. हेलीमध्ये व्हायब्रेशन आलं की आपण गेन कमी करायच्या आधी शाफ्ट बघतो ना, तोच क्रम.

तुमच्याकडच्या सामानातलं रेडिओ, चार्जर, हेक्स ड्रायव्हर आणि थ्रेडलॉक कामाला येईल. रेडिओवर (रिमोटवर) मात्र हेलीचं मॉडेल, म्हणजे तिच्या सेटिंगचा संच, कॉपी करू नका हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्यात स्वॉश मिक्सिंग असतं, पिच कर्व्ह असतात, आयडल-अपचा सपाट थ्रॉटल असतो, आयडल-अप चालू राहिलं तर स्टिक पूर्ण खाली असूनही थ्रॉटल वरच. थ्रॉटल खाली नसेल तर बीटाफ्लाइट आर्म होऊ देत नाही हे खरं, पण आर्म झाल्यावर स्विच हलला तर काय. कोरं मॉडेल घ्या, साधं विमानाचं, एकही मिक्स नाही, एक्स्पो आणि रेट्स (स्टिक किती तीव्र लागते ते) रेडिओवर न लावता फ्लाइट कंट्रोलरमध्ये लावा. चॅनेलचा क्रम जुळतोय का आणि स्टिकची टोकं साधारण १००० ते २०००, मध्य १५०० येतोय का हे बीटाफ्लाइटच्या रिसीव्हर टॅबमध्ये बघून घ्या. फेलसेफ (सिग्नल गेल्यावर काय होतं ते) प्रॉप काढून टेबलावरच तपासा, रेडिओ बंद केला की मोटर थांबायला हव्यात.

हेलीच्या मोटर, ईएससी, सर्व्हो यातलं काहीच उपयोगी नाही. हेलीची ईएससी सॉफ्ट स्टार्ट आणि गव्हर्नरसाठी बनवलेली, क्वाडला सेकंदात शेकडो वेळा वेग बदलायचा असतो. बॅटरीचंही तसंच, ५०० हेलीचा सहा सेलचा पॅक ५ इंची क्वाडला फार जड होतो, त्याला ११००-१३०० एमएएचचे पॅक लागतात. ४५० चे तीन सेलचे २२०० चे पॅक ठेवा, ज्या गॉगलला किंवा फील्डवरच्या आयर्नला तेवढं व्होल्टेज चालतं त्यासाठी उत्तम. लायपोचे नियम तेच, ठेवताना सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, उतरायचं ३.५ ला.

घ्यायचा क्रम मी असा ठेवेन. पहिल्यांदा सिम्युलेटर, तुमचाच रेडिओ यूएसबीने जोडून. हेलीचा सिम्युलेटर असेल तर त्यातल्या क्वाडवर भागवू नका, व्हेलोसिड्रोन किंवा लिफ्टऑफसारखा क्वाडसाठीच बनवलेला घ्या, थ्रॉटलचा अंदाज त्यात जास्त खरा येतो. मग ६५ मिलिमीटरचा एक सेलचा डक्टवाला (प्रॉपभोवती कडं असलेला) छोटा क्वाड, म्हणजे व्हूप, बॅटरीसकट ३०-३५ ग्रॅमचा, घरात उडतो, भिंतीवर आपटला तरी काही होत नाही, आणि वेळ कमी असल्याची तुमची जी तक्रार आहे तिच्यावर हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. त्याचा रिसीव्हर तुमच्या रेडिओशी जुळणारा निवडा, नाहीतर रेडिओला एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ-लिंकचं मॉड्यूल बसतं का बघा. गॉगल मात्र पुढचा विचार करून घ्या, ॲनालॉग स्वस्त आणि हलका, डिजिटलमध्ये चित्र स्वच्छ पण एका कंपनीचा गॉगल दुसऱ्याच्या ट्रान्समीटरला सहसा चालत नाही, त्यामुळे गॉगल निवडला की पुढचे सगळे क्वाड त्याच सिस्टिमचे. ५ इंची त्यानंतर, आणि तो घेताना तुमच्या इथले वजनाचे आणि नोंदणीचे नियम बघून घ्या, बऱ्याच देशांत २५० ग्रॅमची रेषा असते आणि ५ इंची बॅटरीसकट ६५०-७०० ग्रॅमच्या घरात जातो. नियम आड येत असतील तर ३ किंवा साडेतीन इंचीमध्ये २५० च्या आत बसणारे चांगले क्वाड मिळतात.

हेली विकायचं का, तर हे तुमच्या जागेवर आणि पैशाच्या गरजेवर आहे. मी तुमच्या जागी ४५० विकली असती आणि ५०० ठेवली असती. ४५० चं जे काम होतं, पटकन उडवायचं आणि आपटलं तर फार वाईट वाटून घ्यायचं नाही, ते आता क्वाड त्याहून चांगलं करेल. ५०० चं काम क्वाड करू शकत नाही. प्रॉप मोठा झाला की त्याचा जडपणा फार वेगाने वाढतो आणि मोटर त्याचा वेग पटापट बदलू शकत नाही, म्हणून चपळ क्वाड छोटाच राहतो, आणि मोठ्या रोटरवर पिच बदलून मिळणारा तो थ्रीडीचा (उलटंसुलटं कसरती उडवण्याचा) ठोसा हेलीतच मिळतो. साध्या क्वाडवर टिक-टॉक होत नाही. काही महिने हेली शेल्फवर राहू दे, पॅक स्टोरेजला लावा, आणि परत काढाल तेव्हा पहिला पॅक नुसता होव्हरचा, कारण तोपर्यंत डावा हात क्वाडचा झालेला असेल आणि खाली ओढलं की फक्त ताकद जाते असं त्याला वाटत असेल. हेलीवर त्याच हालचालीत उणे १२ येतो.

रेडिओ कुठला आहे ते लिहिलं नाहीत, ते आणि घरात उडवायला जागा किती आहे ते सांगा, म्हणजे कुठला रिसीव्हर आणि किती मिलिमीटरचा व्हूप घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.